एचटीएमएक्स: वाचनालयाच्या काउंटरवर दीड वर्ष वापरून झाल्यावर

आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, त्यांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर मी २०१४ पासून सांभाळतेय. सभासद, वर्गणी, अनामत, पुस्तकाचा दाखल क्रमांक, कोण काय घेऊन गेलं, दंड किती झाला, हे सगळं त्यात आहे आणि गेलं दीड वर्ष ते एचटीएमएक्सवर, म्हणजे वेबपेजचा हवा तेवढाच भाग बदलून देणाऱ्या एका जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, चालतंय. बरेच दिवस याबद्दल लिहायचं होतं कारण मला ही लायब्ररी (प्रोग्रामिंगमधली, म्हणजे तयार कोडचा संच, आमचं वाचनालय नव्हे) मनापासून आवडलीये, पण ज्या गोष्टींनी डोक्याला ताप झाला त्याही सांगायच्या आहेत, नाहीतर कुणीतरी नुसतं चांगलं चांगलं वाचून घेईल आणि शनिवारी संध्याकाळी काउंटरवर रांग लागलेली असताना माझ्यासारखाच अडकेल.

आधी थोडं मागचं. माझी पहिली आवृत्ती जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर होती, तेव्हा सगळेच तसंच करायचे. पेज रिफ्रेश न करता सर्व्हरकडून माहिती आणायची ही कल्पना तशी बरीच जुनी, मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी ती सोय बनवली आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून ती बाहेर आली, मग जीमेल आणि २००५ ला गूगल मॅप्स आल्यावर लोकांना कळलं की याने काय काय करता येतं, त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेटने त्याला अजॅक्स हे नाव दिलं. २०१९ ला मी जेक्वेरी काढून जावास्क्रिप्टमध्येच असलेल्या फेच आणि असिंक-अवेट या सोयी वापरल्या, कोड दिसायला स्वच्छ झाला पण कमी झाला नाही. सर्व्हरवर जँगो (वेबसाइट बनवायची पायथनमधली चौकट) डेटाबेसमधून पुस्तकं काढणार, त्याचं जेसन (डेटा पाठवायची मजकुराची मांडणी) करणार, ब्राउझर ते जेसन उलगडणार आणि मग मी जावास्क्रिप्टमध्ये टेबलाच्या ओळी परत जुळवणार. म्हणजे पुस्तकाची एक ओळ कशी दिसते हे दोन ठिकाणी लिहिलेलं, एकदा जँगोच्या टेम्प्लेटमध्ये (पेजच्या साच्यात) आणि एकदा जावास्क्रिप्टमध्ये. ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं की ओळीत कपाटाचा नंबर पण दाखव, मी एकीकडे बदल केला आणि दुसरीकडे विसरले, मग पेज उघडल्यावर कपाट दिसायचं आणि शोधल्यावर गायब. असं तीन-चारदा झाल्यावर मी दुसरा काही मार्ग आहे का ते बघायला लागले.

एचटीएमएक्स २.० आलं जून २०२४ मध्ये, मी त्यानंतर लगेच घेतलं. कार्सन ग्रॉस नावाच्या माणसाने हे सुरू केलंय, त्याआधी त्याचं इंटरकूलर नावाचं असंच एक काम होतं त्याचाच हा पुढचा अवतार. मूळ विचार इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना मला वाटलं काहीतरी राहिलंय. ब्राउझरमध्ये सर्व्हरला रिक्वेस्ट कोण पाठवतं तर लिंक आणि फॉर्म, आणि उत्तर आलं की अख्खं पेज बदलतं. एचटीएमएक्स म्हणतं की कुठल्याही टॅगने, कुठल्याही घटनेवर रिक्वेस्ट पाठवावी आणि उत्तर पेजच्या हव्या त्या भागात बसवावं, आणि ते उत्तर जेसन नको, तयार एचटीएमएल पाठवा. हे सगळं टॅगवर ॲट्रिब्यूट लिहून करायचं. एचएक्स-गेट म्हणजे कुठून आणायचं, एचएक्स-ट्रिगर म्हणजे कधी, एचएक्स-टार्गेट म्हणजे कुठे ठेवायचं, एचएक्स-स्वॅप म्हणजे कसं ठेवायचं. वापरण्याआधी कोड बांधून घ्यायची (बिल्डची) पायरी नाही, एक फाइल, दाबून साधारण १६ केबी. मी ती आपल्याच सर्व्हरवर ठेवलीये, बाहेरच्या सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून) आणत नाही. वाचनालयातला काउंटरचा पीसी विंडोज ७ चा आहे, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, तिथेही हे दीड वर्ष बिनतक्रार चाललंय. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र दोनच्या आवृत्तीत चालत नाही, कुणाकडे अजून तेच असेल तर एकच्या मालिकेवर राहा, ती त्यासाठीच चालू ठेवलीये.

शोधाची चौकट कशी झाली ते नीट सांगते कारण तिथेच याची खरी ओळख होते. एक इनपुट, त्यावर एचएक्स-गेटमध्ये शोधाचा पत्ता, टार्गेट म्हणून खालच्या टेबलाचं टीबॉडी (ओळींचा भाग), आणि ट्रिगरमध्ये तीन शब्द: इनपुट, चेंज्ड आणि डिले ४०० मिलिसेकंद. डिलेचा अर्थ माणूस टाइप करायचा थांबला की मग ४०० मिलिसेकंदांनी रिक्वेस्ट जाते, मध्ये परत बटण दाबलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आधी यासाठी टायमर लावून, काढून, परत लावून माझ्याकडे वीसेक ओळी होत्या. चेंज्डमुळे चौकटीतला मजकूर खरंच बदलला असेल तरच रिक्वेस्ट जाते. सर्व्हरवर त्याच ओळीचं टेम्प्लेट, जे पूर्ण पेजमध्ये वापरलंय तेच, फक्त वीस-पंचवीस ओळी भरून परत पाठवायचं. एचटीएमएक्स प्रत्येक रिक्वेस्टबरोबर एचएक्स-रिक्वेस्ट नावाचा हेडर (सोबत जाणारी छोटी माहिती) पाठवतं, तो दिसला की तुकडा द्यायचा, नसला की अख्खं पेज, एवढाच फरक. माझी साडेचारशे ओळींची जावास्क्रिप्ट फाइल चाळीस ओळींवर आली आणि कपाटाचा नंबर आता एकाच ठिकाणी लिहिलेला आहे. लोक म्हणतात एचटीएमएल पाठवलं तर डेटा जास्त जातो, मी नेटवर्क टॅबमध्ये बघितलं, जीझिप (डेटा दाबून पाठवणं) चालू असेल तर पंचवीस ओळींचा तुकडा दोन-तीन केबीत बसतो.

आता मराठीचा भाग, हा मला कुठल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये सापडला नाही, स्वतः धडपडून कळला. जुन्या उदाहरणांमध्ये ट्रिगर म्हणून कीअप, म्हणजे बटण सोडल्याची घटना, दिलेलं असायचं. मोबाइलच्या कीबोर्डवर कीअपचा भरवसा नाही, आणि सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं तर मजकूर बदलतो पण कीअप येईलच असं नाही. म्हणून इनपुट, म्हणजे मजकूर बदलल्याची घटना, तीच वापरा. पण इनपुट वापरलं की दुसरी अडचण, आपल्याकडे बरेच वाचक रोमन अक्षरांत टाइप करून मराठी शब्द निवडतात, आणि शब्द निवडेपर्यंत चौकटीत रोमन अक्षरंच असतात. वाचक कुलकर्णी टाइप करतोय, मध्ये जरा थांबला की अर्धवट रोमन अक्षरं सर्व्हरला गेली, काहीच जुळलं नाही आणि टेबलात आलं "पुस्तक सापडलं नाही". पुढच्या क्षणी शब्द मराठीत बदलला आणि वीस पुस्तकं आली. ते मधलं "सापडलं नाही" बघून एक आजोबा शोधणं सोडून निघून गेले होते, ते काउंटरवर येऊन म्हणाले की तुमच्याकडे अमुक लेखकाचं काहीच नाही, आणि पुस्तकं समोरच्या कपाटात होती. मी यावर असं केलं की सर्व्हरला नुसती रोमन अक्षरं आली आणि काही जुळलं नाही तर २०४ हा कोड पाठवायचा (सर्व्हर प्रत्येक उत्तराबरोबर त्याचा प्रकार सांगणारा आकडा देतो), म्हणजे उत्तर रिकामं. २०४ आला की एचटीएमएक्स काहीच बदलत नाही, आधीची यादी तशीच राहते. आणि "सापडलं नाही" हे फक्त एंटर दाबल्यावर किंवा मराठी अक्षरं आल्यावर म्हणायचं. इंग्रजी पुस्तकं जुळली तर अर्थातच दाखवतो. हे सुचायला मला एक अख्खा रविवार लागला पण त्यानंतर ती तक्रार बंद झाली.

याच्याच जोडीला एक गोष्ट, तिचा एचटीएमएक्सशी संबंध नाही पण मराठी शोध करणाऱ्या प्रत्येकाला भेटणार आहे. "ॲड." मधला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन, दिसायला एकच पण आत वेगळे. तसंच दऱ्या, सुऱ्या मधला अर्धा र. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने हे एक होत नाहीत, सर्व्हरवर स्वतः बदलून घ्यावे लागतात, डेटाबेसमध्ये साठवतानाही आणि शोधतानाही. आणि मराठी शब्द पत्त्यातून जातो तेव्हा युनिकोडच्या एका चिन्हाचे (अक्षर, उकार, पायमोड, प्रत्येक वेगळं) नऊ कॅरेक्टर होतात, "पुस्तक" एवढाच शब्द ५४ कॅरेक्टरचा. शोधासाठी काही बिघडत नाही, पण लांबलचक अभिप्राय गेटने, म्हणजे पत्त्यातून, पाठवू नका, पोस्टच वापरा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. असिंक्रोनस, म्हणजे उत्तर येईपर्यंत पेज न अडवता चालणारं काम, म्हटलं की तीन प्रश्न येतातच: उत्तर येईपर्यंत माणसाला काय दिसतं, उत्तरं उलट्या क्रमाने आली तर काय, आणि उत्तर आलंच नाही तर काय. पुण्यात फायबरवर बसून काम करताना हे तिन्ही प्रश्न दिसत नाहीत, आमच्या गावात पावसाळ्यात रोज दिसतात. कुठलीही लायब्ररी घेताना मी आता आधी हेच बघते.

क्रमाचं बघा. माझ्या फेचच्या आवृत्तीत वाचकाने "कु" टाइप केलं, थांबला, मग "कुलकर्णी" केलं, तर दोन रिक्वेस्ट गेल्या. "कु" ने सुरू होणारी शेकडो नावं, सर्व्हरला वेळ लागला, तेवढ्यात "कुलकर्णी" चं उत्तर येऊन टेबल भरलं आणि मग मागून "कु" चं उत्तर आलं आणि त्यावर बसलं. चौकटीत कुलकर्णी आणि खाली कुंभार. यासाठी फेचमध्ये अबॉर्ट कंट्रोलर वापरून जुनी रिक्वेस्ट रद्द करायची असते, मी ते एका ठिकाणी केलं होतं आणि दुसऱ्या तीन ठिकाणी राहिलं होतं. एचटीएमएक्समध्ये एकाच टॅगवरून पहिली रिक्वेस्ट चालू असताना दुसरी आली तर ती थांबून राहते, आणि मधल्या सगळ्या सोडून फक्त शेवटची पुढे जाते, हे काहीही न सांगता होतं. म्हणजे चुकीची यादी वर बसत नाही, हे बरंच झालं. पण हळू नेटवर पहिलीची वाट बघण्यात वेळ जातो, म्हणून एचएक्स-सिंकमध्ये रिप्लेस लिहायचं, मग जुनी रद्द होऊन नवी लगेच जाते. आणि एक लक्षात ठेवा, हे एका टॅगपुरतं आहे. माझ्याकडे शोधाच्या चौकटीशेजारी विषयाचा ड्रॉपडाउन आहे, कथा, कादंबरी, चरित्र, बालवाङ्मय, दोघं एकच टेबल भरतात, तिथे परत तोच गोंधळ झाला कारण टॅग दोन आहेत. एचएक्स-सिंक फॉर्मवर लिहिलं, दिस कोलन रिप्लेस, की आतले दोघंही त्या एकाच फॉर्मच्या रांगेत येतात. चार शब्दांत काम झालं, मला हे फार आवडलं.

वाट बघण्याचं पण सोपं आहे. रिक्वेस्ट चालू असेपर्यंत टॅगला एक क्लास लागतो, एचएक्स-इंडिकेटरने कुठलाही फिरता गोल किंवा मजकूर दाखवता येतो. मी फिरता गोल काढून "शोधतोय..." असा शब्द ठेवलाय, वयस्कर वाचकांना तो पटकन कळतो. त्याहून महत्त्वाचं एचएक्स-डिसेबल्ड-ईएलटी. देवघेवीत "पुस्तक दिलं" असं बटण आहे, नेट हळू असलं की काउंटरवरचे दादा दोनदा दाबायचे, कारण पहिल्यांदा दाबल्यावर काही झालंय हे दिसायचंच नाही. एकदा एका सभासदाच्या नावावर एकच पुस्तक दोनदा पडलं आणि दुसरं परत आलं नाही म्हणून त्यांच्या अनामतीतून रक्कम अडकवली गेली. त्या काकू फार दुखावल्या होत्या, वीस वर्षांच्या सभासद. आता बटण दाबलं की उत्तर येईपर्यंत ते बंद राहतं. अर्थात नुसत्या यावर अवलंबून राहू नका, मी डेटाबेसमध्येही अट घातलीये की एक प्रत एका वेळी एकाच्याच नावावर राहील, तीच खरी राखण.

तिसरा प्रश्न, उत्तर आलंच नाही तर, आणि इथे मी एक तारा कमी करणार आहे. सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही), ४२२ (फॉर्ममध्ये चूक) किंवा ५०० (सर्व्हरचीच चूक) पाठवलं तर एचटीएमएक्स मुळात पेजवर काहीच बदलत नाही, कन्सोलमध्ये (ब्राउझरमधल्या डेव्हलपरच्या खिडकीत) लाल ओळ येते, पण काउंटरवर कन्सोल कोण बघणार? म्हणजे दादांनी बटण दाबलं, सर्व्हर पडला, आणि समोर तसंच शांत पेज. त्यांना वाटलं झालं काम. फेचमध्येही तसं बघितलं तर हीच गत आहे, ४०४ किंवा ५०० आलं तरी फेच त्याला चूक मानत नाही, रिस्पॉन्स डॉट ओके स्वतः बघावं लागतं, बरेच नवीन लोक तिथे फसतात. पण एचटीएमएक्स इतकं सगळं मनाने करतं की माणूस हेही ते करत असेल असं धरून चालतो. उपाय आहे, दोनच्या मालिकेत रिस्पॉन्स हँडलिंगचं सेटिंग मेटा टॅगमध्ये देता येतं, मी ४२२ ला स्वॅप करायला सांगितलंय म्हणजे फॉर्ममधल्या चुका जागच्या जागी दिसतात, आणि बाकीच्यांसाठी रिस्पॉन्स-एरर आणि सेंड-एरर या दोन घटना ऐकून पेजच्या वर लाल पट्टी दाखवते: "नोंद झाली नाही, पुन्हा दाबा". सेंड-एरर म्हणजे नेटच गेलं. आणि टाइमआउट, हा मुळात शून्य आहे, शून्य म्हणजे कितीही वेळ थांबणार. मोबाइल टॉवर अर्धामेला असला की रिक्वेस्ट लटकून राहते, चूकही येत नाही. मी तो दहा सेकंदांचा केला, त्याचीही एक वेगळी घटना आहे, टाइमआउट नावाची, तीही ऐका. मात्र टाइमआउट झाला म्हणजे सर्व्हरवर नोंद झालीच नसेल असं नाही, उत्तर वाटेत अडकलेलं असू शकतं, म्हणून त्या पट्टीवर मी "आधी सभासदाचं खातं तपासा" असं लिहिलंय आणि तिथेच त्या खात्याची लिंक दिलीये. पहिल्या दिवशी हे सगळं करून ठेवा. मी महिन्याने केलं.

सगळ्यात जास्त घाबरले ते लॉगिनच्या वेळी. दुपारी वाचनालय बंद असतं, चारला उघडतं, तोवर सेशन संपलेलं. दादांनी चारला आल्या आल्या सभासदाचं नाव शोधलं आणि टेबलाच्या मध्येच आख्खं लॉगिनचं पेज उगवलं, वर वाचनालयाचं बोधचिन्ह, खाली पासवर्डची चौकट, त्याच्याखाली परत टेबलाचा तळ. त्यांनी मला फोटो पाठवला, "ताई, सॉफ्टवेअर हॅक झालंय का?" झालं होतं असं की सेशन संपल्यावर जँगो ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर जा) देऊन लॉगिनकडे वळवतं, ब्राउझर ते वळण आतल्या आत घेतो, जावास्क्रिप्टला कळतही नाही, आणि शेवटी हातात येतं ते लॉगिनचं पेज, २०० च्या, म्हणजे सगळं ठीक असल्याच्या, शिक्क्यासकट. एचटीएमएक्सने ते प्रामाणिकपणे सांगितलेल्या जागी बसवलं. यावर उपाय म्हणजे सर्व्हरवर एक छोटं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट आणि उत्तर ज्यातून जातं असा कोड), एचएक्स-रिक्वेस्ट हेडर आहे आणि उत्तर लॉगिनकडे वळतंय असं दिसलं की ३०२ च्या ऐवजी साधं २०० द्यायचं आणि हेडरमध्ये एचएक्स-रिडायरेक्ट लिहायचं, मग अख्खं पेज लॉगिनला जातं. परत कुठे यायचं तो पत्ता तुकड्याचा ठेवू नका, नाहीतर लॉगिन केल्यावर उघड्याबोडक्या ओळी दिसतील, एचएक्स-करंट-यूआरएल नावाचा हेडर येतो त्यातला पत्ता घ्या.

तसाच बॅक बटणाचा. शोध केल्यावर वरचा पत्ताही बदलावा म्हणून एचएक्स-पुश-यूआरएल लावलं, ते छान आहे, वाचक शोधाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवू शकतात. पण एकाच पत्त्यावर मी कधी तुकडा देते आणि कधी पूर्ण पेज, ब्राउझरच्या कॅशला (साठवून ठेवलेल्या प्रतींना) हा फरक कसा कळणार? एका वाचकाने दुसऱ्या साइटवर जाऊन बॅक दाबलं तर नुसत्या ओळी, ना रंग ना मथळा. उत्तरात व्हॅरी हेडरमध्ये एचएक्स-रिक्वेस्ट लिहिलं की झालं, एका ओळीचं काम. माहीत असलं तर एक ओळ, नसलं तर दोन दिवस.

दिवाळी अंकांची योजना आमच्याकडे मोठी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेगळी वर्गणी भरून लोक अंक नेतात आणि रोज कुठला अंक आत आला हे बघायला गर्दी. तिथे मी हौसेने खाली सरकवत गेलं की पुढचे अंक आपोआप येतील असं केलं होतं, एचटीएमएक्समध्ये शेवटच्या ओळीवर ट्रिगर म्हणून रिव्हील्ड लिहिलं की होतं. ग्रंथपाल मॅडमना ते अजिबात पटलं नाही, म्हणाल्या यादी संपतच नाही, किती अंक आहेत तेच कळत नाही, आणि एका अंकावर जाऊन परत आलं की जागा हरवते. त्यांचं बरोबर होतं. रिव्हील्ड काढून तिथे "आणखी दाखवा" बटण ठेवलं, वर "१४० पैकी २५" असा आकडा, बदल दोन मिनिटांचा.

त्याच पानावर एक अंक दिला की वरचा "आज दिलेले" हा आकडाही बदलायला हवा. एका उत्तरात दोन जागा बदलायला आउट ऑफ बँड स्वॅप आहे, उत्तरात आणखी एक टॅग पाठवायचा, त्यावर आयडी आणि एचएक्स-स्वॅप-ओओबी, तो आपली जागा शोधून बसतो. टेबलाच्या ओळींबरोबर पाठवताना मात्र तो टेम्प्लेट टॅगमध्ये गुंडाळा, टीआरच्या शेजारी डिव ब्राउझरला चालत नाही.

खटकणाऱ्या अजून दोन गोष्टी. ॲट्रिब्यूटचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर कुठेही काही आवाज होत नाही, एचटीएमएलला अनोळखी ॲट्रिब्यूटचं काही वाटत नाही, तुम्ही बसा बघत. लॉग-ऑल नावाचं फंक्शन कन्सोलमध्ये चालवा, प्रत्येक घटना दिसते, निदान काय झालं नाही ते कळतं. दुसरं म्हणजे बरीच ॲट्रिब्यूट बाहेरच्या टॅगवरून आत उतरतात. मी "खात्री आहे ना?" विचारणारं एचएक्स-कन्फर्म चुकून बाहेरच्या डिववर लावलं होतं, तर पुस्तक देताना, घेताना, शोधताना, सगळीकडे खात्री विचारायला लागलं. उतरणं उपयोगीही आहे, सीएसआरएफचा टोकन (दुसऱ्या साइटने आपल्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणूनची खूण) मी बॉडीवर एकदाच एचएक्स-हेडर्समध्ये लिहिलाय, पण कुठलं उतरतं नि कुठलं नाही हे डॉक्युमेंटेशनमध्ये एकेक करून वाचा. डॉक्युमेंटेशन मात्र उत्तम आहे, साध्या इंग्रजीत, प्रत्येक ॲट्रिब्यूटचं वेगळं पान, मी एका संध्याकाळी सगळं वाचलं.

सुरक्षेचं थोडक्यात: सर्व्हरचं एचटीएमएल थेट पेजमध्ये बसतं, त्यामुळे वाचकाने लिहिलेला मजकूर, आमच्याकडे "हे पुस्तक मागवा" असा फॉर्म आहे, तो एस्केप केल्याशिवाय (त्यातली टॅगची चिन्हं साधा मजकूर केल्याशिवाय) पाठवायचा नाही. जँगोचं टेम्प्लेट ते आपोआप करतं, तिथे सेफ फिल्टर लावून ते बंद करू नका.

कुठे चालत नाही? वर्षातून एकदा साठा पडताळणी असते, प्रत्येक कपाटातलं प्रत्येक पुस्तक काढून दाखल क्रमांक जुळवायचा. मागच्या खोलीत, दगडी भिंती, मोबाइलला एक दांडीही येत नाही. तिथे प्रत्येक टिचकीला सर्व्हर लागणारी गोष्ट कामाचीच नाही. ते पान मी साध्या जावास्क्रिप्टमध्येच ठेवलंय, क्रमांक इंडेक्स्ड डीबीत (ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये) साठतात आणि नेट मिळालं की फेचने एकगठ्ठा जेसन जातं. तसंच तुम्हाला एक्सेलसारखं काही, ओढून हलवायचं काही, नाट्यगृहाच्या खुर्च्या निवडायचं काही करायचं असेल तर रिॲक्ट ही मोठी जावास्क्रिप्ट लायब्ररी किंवा तसलं काहीतरी घ्या, एचटीएमएक्सशी झटापट करू नका. पण याद्या, फॉर्म, शोध, नोंदी, म्हणजे सोसायटीचा हिशोब, दवाखान्याचे नंबर, शाळेच्या फीच्या पावत्या, आपल्याकडच्या लहान कामांपैकी बहुतेक सगळं यात बसतं, आणि एकटी माणूस ते पाच वर्षं सांभाळू शकते.

माझ्याकडून ५ पैकी ४ तारे. एक तारा चूक झाल्यावर गप्प राहण्याबद्दल कमी केला, कारण काउंटरवर बसलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

घ्यायचं ठरवलं तर सगळं एकदम बदलू नका, मी आधी फक्त शोधाचं पान केलं, दोन आठवडे चालू दिलं, मग देवघेव. आणि क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग (नेट मुद्दाम हळू करायची सोय) थ्रीजीवर ठेवून प्रत्येक बटण एकदा दाबा, मग ऑफलाइन करून परत प्रत्येक बटण दाबा. मी ही तपासणी आता दादांना शेजारी बसवून करते. गेल्या खेपेला ऑफलाइन असताना लाल पट्टी आली तर ते म्हणाले, "ताई, पट्टीत पुस्तकाचं नाव पण येऊ द्या, समोर चार जण उभे असतात, कुणाची नोंद राहिली ते कळत नाही." या आठवड्यात ते करतेय.